आभाळ कापलं कुणी?

भांडण लागलं ते साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटेच्या विहिरीवरून. संत्यानं आमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर विहिरीचा फोटो टाकून 'कसा वाटतोय?' विचारलं. अण्णांनी तो मोबाइलवरच वरनं कापला, जरा गडद केला आणि 'आता बघ' म्हणून परत ग्रुपवर टाकला. त्यावर अंगठ्यांचा पाऊस. संध्याकाळी राजवाड्याजवळ, गोलबागेच्या कट्ट्यावर संत्या आला तोच तापून.

"अण्णा, कसा वाटतोय विचारलं होतं मी. दुरुस्त करून द्या म्हटलं नव्हतं."

"आरं, पण सुधारला का न्हाई? वरचं आभाळ पांढरंफटक पडलं होतं. नजर सारखी तिकडंच पळायची. काढून टाकलं, विषय संपला."

अण्णांचा स्टुडिओ रोलच्या जमान्यातला. 36 फोटोंच्या रोलात अख्खं लग्न बसवलेला माणूस. फोटोतली वायफळ जागा त्यांना सहन होत नाही, आणि समोरच्याचं पाल्हाळ तर त्याहून नाही.

"पण मला आभाळच पाहिजे होतं की! खाली अंधार, मध्ये दगडी भिंती आणि वर तो उजेडाचा अष्टकोन. त्यानंच तर खोली कळते. आता ती विहीर आहे का वाड्याची भिंत, कोण सांगणार? अन् त्यासाठी मी भर उन्हात पायऱ्या उतरून..."

"ऊन फोटोत येत नाही रे," मास्तर मध्येच म्हणाले. मास्तर म्हणजे आमचे निवृत्त ड्रॉइंग टीचर. त्यांनी संत्याचा मोबाइल घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मूळ फोटो दोन बोटांनी मोठा करत कोपरान् कोपरा बघायला लागले. बराच वेळ. चहा निवला.

"उजवीकडं, खालच्या पायरीवर, हे पिवळं काय आहे?"

चपला होत्या. कुणीतरी काढून ठेवलेल्या, पिवळ्या पट्ट्याच्या. अण्णांनी कापलेल्या फोटोतही जिथल्या तिथं. अंगठे देणाऱ्या एकालाही दिसल्या नव्हत्या, मीही त्यातलाच.

मला वाटतं, आमच्या ग्रुपची खरी दुखरी जागा ही आहे. कडक बोलावं का गोड, यावर आम्ही तासन् तास घालवतो. फोटोकडं मात्र सिग्नलला थांबल्यावर बघावं तेवढंच बघतो. त्यात तो आलेला असतो व्हॉट्सअॅपवर आकसून, शटर-अॅपर्चरची, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेटिंगची, माहिती वाटेत गळून. तरी कुणीतरी ठोकून देतं, 'शार्पनेस कमी आहे.' अरे, डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल मागव की आधी!

"शार्पनेसवरनं आठवलं," ताई म्हणाल्या. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. "त्या नव्या मुलीनं कास पठारावरचा तेरडा टाकला होता. खाली एकच शब्द, 'ब्लर'. त्यानंतर तिनं एक फोटो टाकला असेल तर शपथ."

"मग काय खोटं होतं त्यात?" अण्णा.

"खोटं नव्हतं, अर्धवट होतं. पठारावर वारा थांबतो का कधी? शटर 1/60 सेकंद उघडं राहिलं तर फूल हलणारच. 1/500 ला जा, आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद वाढव, फोटोत दाणे आले तर येऊ देत, एवढं लिहिलं असतं तर पुढच्या रविवारी पोरगी परत गेली असती वर."

"आमच्या उस्तादानं निगेटिव्ह फाडली होती माझ्यादेखत. शिकलोच की मी."

"तुम्ही शिकलात अण्णा. ज्यांनी कॅमेरा विकला ते सांगायला इथं बसलेले नाहीत."

अण्णा गप्प. पण गप्प राहतील तर ते अण्णा कसले!

"आणि कासच्या त्या फुलाच्या, सीतेच्या आसवांच्या फोटोखाली तुम्ही काय लिहिलं होतं ताई? 'कोपराखाली किती रोपं गेली?' गडी ग्रुप सोडून गेला."

ताईंचा मुद्दा असा, की वीतभर उंचीच्या फुलाचा समोरासमोर फोटो म्हणजे माणूस पठारावर पालथा पडलेला; आणि 2012 पासून जागतिक वारशात असलेल्या जागेवर फोटो कसा काढला हेही विचारलंच पाहिजे. मला पटलं. फक्त चारचौघांत नको होतं, फोन करून विचारायचं.

मास्तरांची रीत वेगळी. काढणाऱ्यानं तोंड बंद ठेवायचं. बघणाऱ्यानं निवाडा द्यायचा नाही, नुसतं काय दिसलं ते ओळीनं सांगायचं. मग काढणाऱ्यानं सांगायचं, त्याला काय दाखवायचं होतं. त्यांनी मोबाइल पक्याच्या हातात दिला. पक्याला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही, तो येतो चहाला.

"आधी पांढरं दिसलं," पक्या म्हणाला. "मग... आता सांगितलंय म्हणून चपला. मग भिंत. विहीर आपली सगळ्यात शेवटी."

"बघ!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "पांढरंच आधी!"

"पण कापल्यावर विहीरच गेली ना," संत्या.

दोघंही बरोबर होते. दुखणं अण्णांनी अचूक ओळखलं होतं, औषध चुकलं होतं. हे मी बोललो तर अण्णांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, पण संत्याकडं वळून, पहिल्यांदाच सरळ आवाजात म्हणाले, "दोन स्टॉप खाली घे, म्हणजे उजेड पाव कर. रॉमध्ये, कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढ. अंधार मागनं उचलता येतो, जळालेलं पांढरं परत येत न्हाई. निगेटिव्हला उलटं होतं बघ, तिथं आम्ही सावलीच्या हिशेबानं उजेड द्यायचो. आणि दुपारचा जाऊ नको, ढगाळ दिवस बघ."

"हे ग्रुपवर लिहायला काय झालं होतं?" ताई.

"टायपिंग कोण करणार?"

"तर मग असं करू," मास्तर म्हणाले, "विचारल्याशिवाय कुणाचा फोटो कापायचा नाही."

संत्यानं मान डोलावली. अण्णांनी नाही.

तेवढ्यात पक्यानं कप ठेवता ठेवता विचारलं, "अण्णा, एवढ्या दिवसांत तुमचा एकपण फोटो ग्रुपवर कसा काय पडला न्हाई हो?"

"आमचं सगळं प्रिंटमध्ये. कपाटात."

"मग आणा की एक. मास्तरांच्या रीतीनं बघू. तुम्ही गप बसायचं."

"लग्नाचा चालंल?"

"लग्नाचा नको," संत्या म्हणाला, "त्यात सगळे तुमच्याकडंच बघत असतात."