ॲसिडमध्ये ब्लीच, हार्डनर दीडपट: गॅरेजच्या फरशीचा तो फॉरवर्ड

गॅरेजच्या फरशीला घरच्या घरी एका दिवसात इपॉक्सी (रेझिनचा कडक, चकचकीत थर) लावा, 20 वर्षं बघायला नको, असा एक संदेश सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. पायऱ्यांची यादी, प्रत्येकीपुढे हिरवी खूण, खाली हात जोडलेले. आमच्या ग्रुपवर आला तेव्हा मी दुर्लक्ष केलं. पण काल मेहुण्याचा फोन आला, "दाजी, ॲसिड आणलंय, ब्लीच घरात आहेच, रविवारी हात घालतो." आता गप्प बसणं शक्य नाही.

सगळ्यात आधी संदेशातली तीच पायरी. "ॲसिडमध्ये थोडं ब्लीच घातलं की तेलाचे डाग झटपट जातात." फरशीसाठी मिळणारं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. पातळ ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, त्यामुळे तो जमिनीलगत साचतो, म्हणजे गुडघे टेकून घासणाऱ्याच्या नाकातोंडापाशीच. डोळे आणि घसा जळतो, जास्त गेला तर फुप्फुसांत पाणी भरतं, आणि हा त्रास कधी कधी काही तासांनी उफाळतो, म्हणजे माणूस "ठीक आहे" म्हणून झोपायला गेल्यावर. आणि एवढं करून डाग जातो का? नाही! ॲसिड तेलाला काहीही करत नाही. उलट तेल मुरलेल्या जागी ते काँक्रीटपर्यंत पोचतच नाही. तेलाला डीग्रीझर, म्हणजे तेल-ग्रीस सोडवणारा क्लीनर लागतो, तो घासून, धुऊन, पुन्हा घासून. ज्याने ही पायरी लिहिली त्याने ती स्वतः कधी केली नसणार, केली असती तर पुढच्या पायऱ्या लिहायला बसला नसता.

"ॲसिडने धुतली की फरशी तयार." यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. घोटलेल्या गुळगुळीत काँक्रीटवरचा सिमेंटचा कमकुवत थर ॲसिड खातं आणि पृष्ठभाग थोडा खरखरीत होतो. पातळ कोटिंगला तेवढं पुरतंही. पण ते सगळीकडे सारखं खात नाही, मागे क्षार सोडतं, आणि ते काढायला इतकं पाणी ओतावं लागतं की काँक्रीट वाळायलाच काही दिवस जातात. तिथेच "एका दिवसात" संपलं. जाड इपॉक्सी लावायचं असेल तर डायमंड डिस्कचा ग्राइंडर भाड्याने आणा, त्याला धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडा आणि तोंडाला मास्क लावा, कारण ती धूळ सिलिकाची असते. नंतर पाण्याचे थेंब टाकून बघा. मुरले तर ठीक, गोल उभे राहिले तर तिथे अजून तेल किंवा जुना सीलर (आधी मारलेला पाणी अडवणारा लेप) आहे.

"इपॉक्सी वॉटरप्रूफ असतं, त्यामुळे ओल चालते." अहो, पाणी वरून नाही, खालून येतंय. जमिनीतली ओल काँक्रीटमधून वर सरकते, वर झाकण बसवलं की तिला वाट मिळत नाही, मग फुगे येतात आणि पोपडे सुटतात. याची साधी तपासणी एएसटीएम या अमेरिकेतल्या मानक संस्थेच्या डी4263 या प्रमाणित चाचणीत आहे: दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लॅस्टिक फरशीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचं आणि किमान 16 तास ठेवायचं. आत थेंब दिसले किंवा काँक्रीट काळसर पडलं तर इपॉक्सीचा डबा उघडायचाच नाही. खर्च जवळजवळ शून्य. पण संदेशात प्लॅस्टिकचा उल्लेख नाही, चकचकीत फोटो मात्र चार आहेत. आणखी एक: कोरड्या दिवसांत चाचणी पास झाली म्हणून पावसाळ्यातही होईल असं नाही. शंका असेल तर ओल्या दिवसांत पुन्हा करा.

"हार्डनर दीडपट घाला, लवकर आणि कडक वाळतं." इपॉक्सी पेंटसारखं वाळत नाही. रेझिन (मूळ चिकट द्रव) आणि हार्डनर (त्याला कडक करणारा दुसरा भाग) यांची रासायनिक जुळणी होते आणि तिचं प्रमाण ठरलेलं असतं. काजं सात आणि गुंड्या दहा असल्या तर तीन गुंड्या लोंबतच राहणार. जास्तीचा हार्डनर तसाच उरतो आणि फरशी मऊ, चिकट राहते. डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला, आणि कालवल्यावर बादलीत ठेवून गप्पा मारू नका. ढीग करून ठेवलेलं मिश्रण स्वतःच तापतं, कधी धूरही सोडतं. लगेच फरशीवर ओतून पसरवा.

"कुठलाही इपॉक्सी पेंट चालतो." नाही. एकाच डब्यात मिळणारा बहुधा इपॉक्सी मिसळलेला ॲक्रिलिक पेंटच असतो. दोन भागांचा पाण्यातला इपॉक्सी सुकल्यावर साधारण 50 ते 75 मायक्रॉन जाडीचा उरतो, शंभर टक्के सॉलिड्सवाला (ज्यात उडून जाणारं पाणी किंवा थिनर नसतं) 200 च्या पुढे.

"दुसऱ्या दिवशी गाडी लावा." चालायला साधारण एक दिवस, गाडीला बहुतेक इपॉक्सींना आठवडाभर. कच्च्या थरावर तापलेलं टायर उभं राहिलं की गाडी काढताना थर टायरबरोबर निघतो. पॉलिॲस्पार्टिक या वेगळ्या, झटपट घट्ट होणाऱ्या कोटिंगवर एका दिवसात गाडी जाते, हे खरं. पण ते इतक्या लवकर घट्ट होतं की पहिल्यांदा रोलर धरणाऱ्याची फरशी अर्ध्यावर असतानाच बादलीतलं मिश्रण कामातून जातं.

20 वर्षांच्या हमीवर काय बोलणार? इपॉक्सी तर दारातल्या उन्हानेच पिवळं पडतं.

प्लॅस्टिकखाली ओल दिसलीच, तर सिलेन-सिलोक्सेन या रसायनांचा, काँक्रीटच्या आत मुरणारा सीलर बघा. तो चकाकत नाही, तेलाचे डागही पूर्ण अडवत नाही, पण वर थरच नसल्यामुळे सोलून निघायला काही नसतं.