हतनूरची घार

जानेवारीत काढलेले फोटो मी मे महिन्यात बघायला घेतो. जळगावात पारा 45 च्या आसपास गेला की आपण कुठे जात नाही, आपल्याकडे कुणी येत नाही, आणि कूलरच्या घरघरीत बायकोने हाक मारली तरी 'ऐकूच आलं नाही' असं म्हणायला सोय असते. फोटो निवडायला असा एकांत लागतो.

यंदा निवडायचे होते 1,846. सगळे एका सकाळचे. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या पाण्यावर चक्रवाक उतरतात, लालसरी उतरतात, म्हणून पहाटे साडेतीनला उठून, कानटोपी चढवून, भुसावळमार्गे तिथे गेलो होतो. एका मच्छीमाराला विनवण्या करून त्याच्या नावेत बसलो. माझा कॅमेरा सेकंदाला 10 फोटो काढतो. चक्रवाकांची जोडी पाण्यावरून उठून दिसेनाशी होईतो सहा सेकंद गेले आणि माझं बोट काही बटणावरून उठलं नाही. म्हणजे पक्षी दोन, फोटो 60. वडिलांच्या काळी 36 फोटोंचा रोल असायचा. त्यात एक बारसं, एक गणपती आणि उरलंच तर पद्मालयाची सहल बसायची. वडील सगळ्यांना ओळीने उभं करत, पोट आत घ्यायला लावत, डोळा लावून मिनिटभर बघत आणि म्हणत, "नको, राहू द्या. ऊन बरोबर नाही."

मी रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं जसंच्या तसं ठेवणाऱ्या फाइलमध्ये, फोटो काढतो. एकेक फाइल 30 एमबीची. लॅपटॉप प्रत्येक फोटो आधी धुकट दाखवतो, मग विचार करतो, मग नीट दाखवतो. त्या दोन-तीन सेकंदांत दर वेळी वाटतं, हाच तो. मग चित्र स्पष्ट होतं आणि कळतं की मान रेखीव आली आहे, डोळा नाही. पुढच्यात शेपटी रेखीव. त्याच्या पुढच्यात पक्ष्यामागचं पाणी इतकं सुंदर रेखीव की थेंब मोजून घ्यावेत. पक्ष्याचा डोळा रेखीव नसेल तर फोटो उडवायचा, हा नियम मी दुसऱ्यांना नेहमी सांगतो. स्वतःच्या फोटोवर डिलीटचं बटण दाबायला गेलो की मात्र ती थंडी आठवते, चिखलात अडकलेला उजवा बूट आठवतो. बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, त्याला नुसतं गबाळं बदक दिसतं. मला बूट दिसतो. आणि बुटासकट फोटो टाकून द्यायचा म्हणजे जिवावर येतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत 11 उडवले. त्यातले चार लेन्सचं झाकण न काढता घेतलेले होते. उरलेल्या सातांचा रात्री फेरविचार झाला आणि ते कचरापेटीतून परत आणले.

आई ताक घेऊन आली आणि खुर्चीमागे उभी राहिली. ती पारोळ्याची. थोडा वेळ बघून म्हणाली, "हाई बठं एकच शे ना रे?"

"नाही गं. यात पंख वर आहे, यात खाली."

"मंग दिनभर पंख खाले-वर करत बसशी का?"

ताक पिऊन मी तेच केलं.

रंगांचं तर विचारूच नका. वाटेत काढलेला केळीच्या बागेचा एक फोटो होता, बरा होता. मी हिरवा थोडा वाढवला. मग वाटलं, अजून थोडा. डोळ्यांना सवय होत जाते, हीच यातली गोम आहे. रावेरला साडूंची केळी आहेत, त्यांना फोटो धाडला. त्यांचा लगेच फोन. "भाऊ, कोणतं खत टाकलं हो याला?" मी म्हणालो, सॅच्युरेशन. त्यांनी पेन शोधायला घेतलं.

पण खरी हकिकत घारीची.

त्याच सकाळचा सूर्योदयाचा एक फोटो होता. पाणी, तांबडं आकाश, आणि वर उजव्या कोपऱ्यात खूप दूर एक घार. अगदी बारीक, करडी, पण हवी तिथे. मी दोन तास त्या घारीसाठी राबलो. आकाश गडद केलं, खालची लव्हाळी कापली, सगळी नजर तिच्याकडे जाईल अशी चौकट बेतली आणि 'हतनूर, पहाट, एकटी घार' असं लिहून नातेवाइकांना आणि मित्रांना पाठवला. सात नमस्कार आले, तीन गुलाब आले. एका पक्षीमित्राने मात्र लिहिलं, ही घार वाटत नाही, ससाणा असावा. आमचं दोन दिवस वाजलं. शेपटीला खाच आहे की नाही, यावर मी फोटो चौपट मोठा करून बाण काढून पाठवला. मला खाच दिसत होती.

तिसऱ्या दिवशी फेब्रुवारीतला मेहरुण तलावाचा फोटो उघडला. वर उजव्या कोपऱ्यात घार. मावसभावाच्या साखरपुड्याचा उघडला. मांडवाच्या वर, त्याच जागी, घार. पोटात गोळा आला. मागे मागे जात राहिलो. ती पहिल्यांदा उगवली होती डिसेंबरात, शेतावरच्या भरीत पार्टीत. पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजणं चाललं होतं, धुराचे फोटो छान येतील म्हणून मी जाळाशेजारीच लेन्स बदलली होती. बायको तीनदा म्हणाली, कळण्याची भाकरी गार होतेय. ऐकलं असतं तर बरं झालं असतं. लेन्सच्या मागे चित्र टिपणारा सेन्सर असतो, त्याच्यावर राखेचा कण बसला होता. लेन्सचं छिद्र मोठं ठेवलं की असा कण विरून जातो, म्हणून पक्ष्यांच्या फोटोंत तो नव्हता. एफ 16 ला, म्हणजे छिद्र अगदी बारीक केलं की, तो पंख पसरतो.

फुंकणीने हवा मारली. घार उडाली आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन बसली.

पक्षीमित्राला कळवलं, "तुमचंच बरोबर. ससाणाच."

बायकोला सगळं सांगितलं तेव्हा तिने चाळीसगावची आठवण काढली. तिथे स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आम्ही पाहिलं होतं. हा माणूस वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून अख्खी दृश्यं उभी करायचा आणि त्यांचे फोटो काढायचा. मी त्या फोटोंसमोर गप्प उभा राहिलो होतो. "म्हणजे घरात बसूनही होतं," एवढंच ती म्हणाली आणि कूलरमध्ये पाणी ओतायला गेली.

शेवटी आठवण झाली ती नावेवाल्याची. उतरताना तो म्हणाला होता, "पक्ष्यांचं राहू द्या, नावेचा एक फोटो पाठवा. नवीन रंग दिलाय." आता 1,846 मध्ये नाव शोधायला लागलो. नाव कुठेच नव्हती. होतं ते खालच्या कोपऱ्यात घुसलेलं निळं टोक, आणि ते मी गेले चार दिवस इमानेइतबारे कापत होतो. बरं की रॉ मधली कापाकापी परत फिरवता येते. एकेक चौकट पुन्हा उघडत गेलो. सापडला तो त्या माफ केलेल्या सातांतला निघाला. सूर्योदयानंतर कॅमेरा एफ 16 वरच राहिला होता, शटर मंद पडलं होतं, चक्रवाकांच्या नुसत्या दोन भगव्या रेघोट्या झाल्या होत्या. पण मी नावेतच बसलेला, त्यामुळे नाव जागची हलली नव्हती. निळ्या रंगाचे ओघळ, टोकाला बांधलेली झेंडूची सुकी माळ, वल्ह्यावरचा त्याचा हात, सगळं लख्ख. कशालाही हात न लावता पाठवून दिला.

दहा मिनिटांत उत्तर आलं. "झकास भाऊ. नाव तर आलीच, वर घारपण आली."