एकटीला कसला खर्च?

"तुका एकटीक कितें गो खर्च?" गोव्यात एकट्याने राहून नोकरी करणाऱ्या प्रत्येक मुलीने आणि मुलाने हे वाक्य ऐकलेलं असतं. लग्नघरी ऐकतो, ऑफिसात पगारवाढीचा विषय निघाला की ऐकतो, घरी काही मोठा खर्च आला की फोनवर ऐकतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्याने मनात एक हिशेब पक्का केलेला असतो: नवरा नाही, मुलं नाहीत, म्हणजे पगार सगळा मोकळा. हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो हळूहळू आपल्यालाही खरा वाटू लागतो, हे त्याहून वाईट. एकट्या माणसाच्या पैशाला कुणाचं नाव लागलेलं नसतं, म्हणून तो सगळ्यांना मोकळा दिसतो.

मी सत्तरी तालुक्यातल्या वाळपईची. पणजीत अकाउंट्सचं काम करते आणि जवळच पर्वरीत एक खोली-किचन भाड्याने घेऊन राहते. हातात सत्तावीस हजार येतात. वाळपईहून रोज ये-जा का करत नाहीस, असं विचारणाऱ्यांनी मार्च महिन्यात कुठल्याही अकाउंट्सच्या ऑफिसात संध्याकाळी सातला येऊन बघावं. तेव्हा निघून गावची बस मिळेल याची खात्री कोण देणार? त्याच कारणाने स्कूटरही चैन नाही. ओला-उबर इथे नाहीत, टॅक्सीचं भाडं रोज परवडणारं नाही, आणि रात्री आठनंतर स्टॉपवर बसची वाट बघत एकट्या मुलीने उभं राहायचं नसतं.

आता भाडं. दोघं राहिली म्हणून खोलीचं भाडं दुप्पट होत नाही आणि एकटीच राहिली म्हणून निम्मं होत नाही. माझं भाडं नऊ हजार, म्हणजे पगाराचा तिसरा हिस्सा. इंटरनेटचं बिल, गिझर, फ्रिज, बादलीपासून झाडूपर्यंत सगळं एका पगारातून. त्यात गोव्याची खास अडचण अशी की आपली स्पर्धा दुसऱ्या भाडेकरूशी नसून पर्यटकाशी असते. किनाऱ्यालगतच्या गावांत कितीतरी मालक पावसाळ्यापुरती खोली देतात आणि सप्टेंबरअखेर रिकामी करून मागतात, कारण ऑक्टोबरपासून तीच खोली रात्रीच्या दराने जाते. मालकाला त्यात दोष देता येत नाही, त्यालाही घर चालवायचं असतं. पण कळंगुट, कांदोळी, हणजूण या पट्ट्यात हॉटेलात राबणाऱ्या मुलांनी राहायचं कुठे? ती म्हापशात, पर्वरीत येतात आणि मग इथली भाडी चढतात. वेर्णा औद्योगिक वसाहतीच्या आजूबाजूलाही नोकरीवाल्या मुलांची तीच ओढाताण.

करार अकरा महिन्यांचा. तो संपला की भाडं वाढणार किंवा खोली बदलणार. खोली बदलायची म्हणजे दलालाचं एक महिन्याचं भाडं, सामानाचा टेंपो, आणि जुना मालक डिपॉझिट परत करेपर्यंत नव्याला द्यायला वेगळे पैसे. हा खर्च जवळजवळ दरवर्षी दारात उभा असतो आणि तरीही कुठल्याच महिन्याच्या बजेटमध्ये तो दिसत नाही.

माझं खरं म्हणणं इथेच आहे. पैशांवरचे व्हिडिओ सांगतात, पगाराचा निम्मा भाग गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. माझ्या पगाराचा निम्मा म्हणजे साडेतेरा हजार. भाडं नऊ, वीज-पाणी-इंटरनेट दीड, खाणंपिणं सहा, पेट्रोल अठराशे, असे अठरा हजार तीनशे तिथेच होतात. हा नियम आपल्याला बसत नाही म्हणजे आपल्यात काही कमी आहे, असं समजायचं कारण नाही. तो आपल्या पगाराकडे आणि आपल्या भाड्याकडे बघून केलेलाच नाही. शिवाय त्यात बारा महिने सारखे धरलेले असतात. गोव्यात बारा महिने सारखे कधी होते?

आपल्या आज्यांनी कधी महिन्याचा हिशेब मांडला नाही, त्यांनी वर्षाचा मांडला. मे महिन्यातलं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची बेगमी, आठवा. जून उजाडला की पाऊस. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. ताजी मासळी मिळेल तेवढी आणि सांगतील त्या भावाने. म्हणून मेमध्येच तांदूळ, सोलं, चिंच, कांद्याच्या माळा, सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी) घरात येऊन पडायची. माझी आजी म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी सुका बांगडा हातात घेऊन वाकवून बघायची. वाकला की परत ठेवायची, कारण तो पुरता वाळलेला नाही, जुलैत त्याला वास येणार. मिरची कानाशी धरून हलवायची, आत बिया खुळखुळल्या तरच पिशवीत. एवढी पारख कशासाठी, तर ती वस्तू कधी लागणार हे तिला आधीच ठाऊक असायचं. त्यासाठी लागणारे पैसे तिने काजूच्या दिवसांत बाजूला काढून ठेवलेले असायचे. शिक्षण चौथीपर्यंतच, पण पैसा कुठल्या महिन्यात येतो आणि कुठल्या महिन्यात जातो, हे तिच्याइतकं स्पष्ट मला माहीत असलेल्या कुठल्याच पदवीधराला सांगता येत नाही.

मी तसाच वर्षाचा कागद करते. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, नऊ हजार: गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानात माझा वाटा, घरच्यांचे कपडे, जाणं-येणं. लग्नं, मुंजी, बारशी मिळून सहा हजार. स्कूटरचा विमा, सर्व्हिसिंग, कधी टायर, मिळून सहा. पुरुमेंताला चार; हो, एकटीचंही पुरुमेंत असतं. रेनकोट, चपला, पावसात बिघडणाऱ्या वस्तू यांना दोन. खोली बदलायला नऊ. बेरीज छत्तीस हजार, म्हणजे महिन्याला तीन हजार. हे तीन हजार पगाराच्या दिवशीच दुसऱ्या खात्यात जातात. त्या खात्याचं कार्ड मी पर्समध्ये ठेवत नाही आणि त्याला फोनवरचं पेमेंट जोडलेलं नाही. चवथ अचानक येत नाही. कालनिर्णय भिंतीवर लागतो त्या दिवसापासून ती कुठल्या तारखेला आहे हे घरात सगळ्यांना माहीत असतं. तरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कितीजण क्रेडिट कार्डावर चवथ करतात! कार्डाची "किमान रक्कम" भरली म्हणजे झालं असं ज्यांना वाटतं, त्यांनी व्याजाचा दर वाचावा. बहुतेक कार्डांवर तो महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, वर्षाला चाळीसच्या वर. गावातला सावकारही इतकं मागताना जरा कचरेल.

घरी मी दरमहा तीन हजार देते, आणि ते मनापासून देते. बाबांची शेती-बागायत आहे, पण माडाला नारळ किती लागतील आणि माकडं त्यातले किती ठेवतील हे कुणाच्याच हातात नाही. माझा आग्रह एवढाच की रक्कम ठरलेली असावी. ठरलेली नसते तेव्हा दर फोनला थोडी थोडी जाते, देणाऱ्याला ती डोईजड होते आणि घेणाऱ्याला दिल्यासारखी वाटतच नाही. हे आईशी समोर बसून बोलले. तिने बाबांना सांगितलं, "तिका तिचो संसार आसा." लग्न न झालेल्या मुलीच्या खोलीला आईने संसार म्हटलं, याचं मोल मला फार आहे.

बचत दोन हजारांची. कमी वाटेल, पण पगारातून भविष्य निर्वाह निधीला मूळ वेतनाच्या 12 टक्के जातात ते वेगळे. नोकरी बदलली की तो पीएफ काढून मोबाइल घेणारी मुलं मी ऑफिसात बसून बघते आणि जीव तुटतो. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तोच राहतो, खातं नव्या नोकरीकडे वळवता येतं. पाच वर्षांची सलग नोकरी होण्याआधी पैसे काढले तर त्यावर करही लागू शकतो. बाकी माझे दोन हजार आधी अडीअडचणीच्या खात्यात. तीन महिन्यांचा खर्च तिथे जमला की मगच दुसरीकडे. ज्यांची नोकरी हॉटेलात, किनाऱ्यावरच्या शॅकवर (तात्पुरत्या उपाहारगृहात) आहे त्यांनी हा आकडा सहा महिन्यांचा धरावा. मेअखेर शॅक मोडतात आणि पगार थांबतो. हे दरवर्षी होतं, आणि म्हणूनच सीझनच्या पगाराकडे बारा महिन्यांचा पैसा म्हणून बघितलं पाहिजे.

पैसे ठेवायचे कुठे, याबद्दल एकच सांगते. म्हापसा अर्बन आणि मडगाव अर्बन या बँकांचे परवाने रिझर्व्ह बँकेने 2020 आणि 2021 मध्ये रद्द केले. ठेवींवरचं विमा संरक्षण फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाख आहे, त्याआधी ते 1 लाख होतं. आयुष्याची सगळी पुंजी, ओळखीचा माणूस काउंटरवर बसतो म्हणून, एकाच ठिकाणी ठेवू नका. पोस्टाची पाच वर्षांची आवर्ती ठेव महिना शंभर रुपयांपासून सुरू होते. एवढ्याने सुरुवात करायला कुणीच लाजू नये.

आजारपणाचाही विचार आजच करा. पगार 21,000 पर्यंत असेल आणि आस्थापनाला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असेल तर कार्ड बनवून घ्या. पगारातून कापला जातो पाऊण टक्का, आणि कापून घेऊनही कार्ड नसलेली मुलं मला माहीत आहेत. गोव्यात पाच वर्षं राहिलेल्यांसाठी राज्य सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा ही आरोग्य विम्याची योजना आहे. आईवडिलांच्या कार्डावर आपलं नाव आहे का, कार्डाचं नूतनीकरण झालंय का, एवढं या रविवारी घरी गेलात की बघून या.

पण सरकारने सगळा भार आमच्या हिशेबाच्या वहीवर टाकू नये. राज्य सरकारच्या गृह आधार योजनेचे महिना 1500 रुपये संसार सांभाळणाऱ्या विवाहितेला मिळतात आणि ते मिळायलाच हवेत. माझ्या आईच्या वयाच्या कितीतरी बायकांच्या हातात तेवढाच स्वतःचा पैसा असतो. पण पंचवीस-सव्वीस वर्षांची, गाव सोडून आलेली, भाड्याने राहणारी मुलगी ही सरकारी विचारात बसतच नाही. तिला पैसे वाटा असं मी म्हणत नाही. पणजी, म्हापसा, मडगाव, वेर्णा इथे नोकरदार मुलामुलींसाठी माफक भाड्याची, स्वच्छ, सुरक्षित वसतिगृहं पुरेशी बांधा. कारखान्यांच्या पाळ्या सुटतात त्या वेळेला कदंबच्या (राज्य परिवहनाच्या) बसगाड्या सोडा. मतं मागायला जे दारात येतील त्यांना आपल्या पिढीने नोकरीबरोबर हेही विचारायला हवं: नोकरी दिलीत, पण त्या पगारात राहायचं कुठे आणि रात्री घरी पोचायचं कसं?