‘तीन महिन्यांत जनुके बदला, हृदयाच्या गोळ्या सोडा’: एका संदेशाचा प्रतिवाद

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर, तसेच सकाळी तलावपाळीला आणि उपवनला फिरायला येणाऱ्या मंडळींमध्ये, सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: हृदयविकार जनुकांमुळे होतो, परंतु एपिजेनेटिक्स या नव्या शास्त्राने सिद्ध केले आहे की आहार बदलला की तीन महिन्यांत पाचशे जनुके बदलतात, धमन्यांतले ब्लॉकेज विरघळते, आणि मग कोलेस्टेरॉलच्या व रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांची गरज उरत नाही. पुराव्यादाखल राणी मधमाशी, उंदीर, नेदरलँड्समधला दुष्काळ आणि फॉलिक ॲसिड यांचे दाखले दिले आहेत. घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीतील एका गृहस्थांनी हे वाचून गोळ्या बंद केल्या, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटले. संदेशातले बहुतेक संशोधन खरे आहे आणि धोका नेमका तिथेच आहे, कारण ते जिथे लागू पडते तिथून उचलून भलत्याच निष्कर्षाला जोडले आहे.

मुळात आहाराने जनुके बदलत नाहीत. डीएनएमधील अक्षरांचा क्रम तोच राहतो. बदलू शकते ते त्या क्रमाचे वाचन. डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइल गट नावाचे छोटे रासायनिक घटक जोडले जातात, तो ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरही रासायनिक खुणा उमटतात, आणि त्यानुसार एखादे जनुक अधिक किंवा कमी काम करते. या खुणांच्या अभ्यासालाच एपिजेनेटिक्स म्हणतात. मिथाइल गट पुरवणाऱ्या साखळीत फोलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचेच रूप), बी-१२ आणि कोलीन ही द्रव्ये लागतात, त्यामुळे आहाराचा या खुणांशी संबंध आहे, याबद्दल वाद नाही. मात्र साधारण २५० माणसांमागे एकाला आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल असते; त्याच्या बाबतीत बहुधा रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उचलून घेणाऱ्या रिसेप्टर या प्रथिनाच्या जनुकाच्या क्रमातच दोष असतो. ज्या घरात वडील, काका, भाऊ अशा अनेकांना ऐन चाळिशीत हार्ट अटॅक आला आहे, त्या घराला ‘पथ्य पाळा, जनुक सुधारेल’ असे सांगणे म्हणजे त्यांची फसवणूक करणे होय. तो दोष पथ्याने दुरुस्त होत नाही. तिथे औषध लागतेच.

पाचशे जनुकांचा आकडा बहुधा अमेरिकी डॉक्टर डीन ऑर्निश यांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून आलेला असावा. तो प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ३० रुग्णांवर केलेला होता, नमुने प्रोस्टेटच्या ऊतींचे होते, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पाचशेच्या आसपास जनुकांचे काम कमी-जास्त झालेले आढळले, एवढाच त्याचा निष्कर्ष आहे. हृदयाच्या धमन्यांचा त्यात प्रश्नच नव्हता. याच ऑर्निश यांनी १९९० साली हृदयरोग्यांवरही प्रयोग प्रसिद्ध केला होता, आणि तो संदेशात नसला तरी विचारात घ्यायला हवा. एकूण ४८ रुग्णांपैकी एका गटाने अत्यल्प स्निग्धांशाचा शाकाहार, व्यायाम, धूम्रपानबंदी आणि ध्यान असा कडक दिनक्रम पाळला. कोलेस्टेरॉलची औषधे त्यांना दिलेली नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. वर्षभरानंतर त्यांच्या धमन्यांचे सरासरी अरुंदीकरण ४०.० टक्क्यांवरून ३७.८ टक्क्यांवर आले, तर दुसऱ्या गटाचे ४२.७ वरून ४६.१ टक्क्यांवर गेले. हा फरक मोलाचा आहे, परंतु त्याला ‘विरघळणे’ म्हणता येणार नाही. याउलट स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांचा, पुरावा मोठ्या चाचण्यांचा आहे. २०१० साली २६ चाचण्यांतील सुमारे १,७०,००० लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, आणि एलडीएल दर डेसिलिटर रक्तामागे सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले की हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना जवळपास एक पंचमांशाने घटतात, असे दिसले.

मधमाशी आणि उंदरांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. राणी ठरते ती अळीच्या अवस्थेतील खाद्यामुळे, आणि २००३ च्या प्रयोगात उंदरांच्या पिलांचा रंग बदलला तो गाभण मादीला दिलेल्या खाद्यामुळे. दोन्ही दाखले शरीर घडत असतानाचे आहेत; साठीतल्या माणसाच्या धमन्यांविषयी ते काहीच सांगत नाहीत.

नेदरलँड्सचा दाखला तर संदेशाच्या विरुद्धच जातो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे तिथे भीषण उपासमार झाली. त्या वेळी नुकतीच गर्भधारणा झालेल्या मातांच्या मुलांमध्ये, सुमारे साठ वर्षांनीदेखील, वाढीशी संबंधित आयजीएफ-२ या जनुकावरील मिथाइलेशन, म्हणजे मिथाइल गटांचे प्रमाण, त्यांच्या भावंडांपेक्षा कमी आढळले. अशा व्यक्तींमध्ये हृदयविकारही अधिक दिसला. गर्भात पडलेली खूण जर साठ वर्षे टिकत असेल, तर ती तीन महिन्यांत पुसली जाण्याचा हा पुरावा कसा ठरतो? शिवाय त्या खुणेमुळेच हृदयविकार झाला, असे त्या अभ्यासाने दाखवलेले नाही. कारण कोणते आणि परिणाम कोणता, ही या क्षेत्रातली खरी अडचण आहे: वजन आणि मिथाइलेशन यांचा २०१७ साली मोठा अभ्यास झाला, तेव्हा हे बदल मुख्यतः लठ्ठपणाचा परिणाम असल्याचे दिसून आले, त्याचे कारण नव्हे.

फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घेतल्याने रक्तातले होमोसिस्टीन, म्हणजे हृदयविकाराशी ज्याचा संबंध जोडला जातो ते अमिनो आम्ल, उतरते, हे खरे आहे. त्यामुळे हार्ट अटॅक टळतात का, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांनी तपासले. एक नॉर्वेमधील ३,७४९ रुग्णांवर, दुसरी ५,५२२ रुग्णांवर. होमोसिस्टीन उतरले, हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि त्यांची मुले यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध (मधुमेहाकडे नेऊ शकणारी अवस्था) सर्वाधिक आढळला. गर्भवतींनी डॉक्टरांनी दिलेले फॉलिक ॲसिड घ्यायलाच हवे. पण सोबत बी-१२ चा विचार व्हावा, विशेषतः शाकाहारी घरांत, हे या अभ्यासातून निघते. हृदयाच्या आरोग्याशी एपिजेनेटिक्सचा धागा जिथे खरोखर जुळू शकतो, ती जागा ही आहे, आणि संदेशात तिचा उल्लेखसुद्धा नाही.

आहाराचे महत्त्व मी कमी लेखत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, आनुवंशिक धोका जास्त असलेल्या लोकांपैकी ज्यांची राहणी चांगली होती त्यांना, वाईट राहणी असलेल्यांच्या तुलनेत, हृदयविकाराचा धोका ४६ टक्क्यांनी कमी होता. राहणी म्हणजे धूम्रपान नसणे, लठ्ठपणा नसणे, नियमित व्यायाम आणि योग्य आहार. हा फायदा समजून घ्यायला जनुकांवरच्या खुणांची गरज नाही. एलडीएल, रक्तदाब आणि साखर हे मार्ग पुरेसे स्पष्ट आहेत. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि पापड, लोणचे, फरसाण, सुके बोंबील या सगळ्यांतून ही मर्यादा सहज ओलांडली जाते. ताजी मासळी, उसळी, पालेभाज्या, मूठभर शेंगदाणे हे आपल्या बाजारात रोज मिळते आणि गोळ्यांच्या जोडीने त्याचा लाभ होतो.

राहता राहिले संदेशातले सर्वांत घातक वाक्य, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दलचे. अँजिओप्लास्टीनंतर बसवलेल्या स्टेंटवर आतून अस्तर चढायला वेळ लागतो, आणि तोवर रक्त त्या जागी गोठू शकते. म्हणूनच दोन गोळ्या साधारणपणे सहा ते बारा महिने दिल्या जातात आणि पुढेही एक बहुधा चालूच राहते. त्या मध्येच थांबवल्या तर स्टेंट अचानक बंद होऊ शकतो, आणि अशा वेळी रुग्णालयात पोहोचेपर्यंतही अवधी मिळेलच असे नाही. ज्यांनी हा संदेश वाचून गोळ्या थांबवल्या असतील, त्यांनी पुढच्या तपासणीची वाट न पाहता आजच आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करावा.