"डीएनडी म्हणजे सैतानपूजा" वाला फॉरवर्ड परत आलाय

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय, की डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीएनडी, म्हणजे टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रं बनून फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ) सैतानाची पूजा शिकवतो, त्यात खरे मंत्र आहेत, अमेरिकेत मुलं जिवानिशी गेली, देवाधर्माच्या घरात हा खेळ नको. मावशीने मलाच टॅग केलंय कारण दर रविवारी आमच्याकडे खेळ बसतो. तर मावशी, ऐक.

खरे मंत्र? अगं खेळाच्या नियमांच्या पुस्तकात मंत्राचे शब्दच नाहीत. पोरगं म्हणतं "फायरबॉल (आगीचा गोळा) टाकतो", सहा बाजूंचे आठ फासे टाकतं, बेरीज करतं, संपलं. त्या मंत्राला लागणाऱ्या सामानात वटवाघळाची लेंडी आणि गंधक लिहिलंय, ते आजवर कुणी आणलेलं नाही (आणलं तर बायको मला बाहेर काढेल).

सैतानपूजा, तर राक्षस आहेत पण बहुतेक वेळा मारायलाच आहेत. दशावतारात राक्षसाचं सोंग घेणाऱ्याला कुणी विचारतं का बाबा तू कुणाला भजतोस? आणि ड्रॅगनलान्स हे डीएनडीतलं एक गाजलेलं काल्पनिक जग, ते उभं करणाऱ्यांपैकी ट्रेसी हिकमन हा येशूला मानणाऱ्या मॉर्मन पंथाचा श्रद्धाळू माणूस.

मुलं गेली, हा मुद्दा जरा नीट बघू. 1979 ला मिशिगन स्टेट विद्यापीठातला 16 वर्षांचा एक मुलगा हरवला, घरच्यांनी ठेवलेल्या खासगी डिटेक्टिव्हने शंका काढली की कॅम्पसखालच्या वाफेच्या बोगद्यात हा खेळ खेळताना काहीतरी झालं असावं, पेपरांनी तेवढंच उचललं. मुलगा बोगद्यात गेला होता पण खेळायला नाही, तो आधीपासूनच आतून पार खचलेला होता, महिन्याभराने जिवंत सापडला आणि पुढच्या वर्षी त्याने जीव दिला. फार वाईट झालं. पण फॉरवर्डमध्ये त्याचं खचणं कुठेच नाही, फक्त फासे आहेत.

आता देव मानणाऱ्याने खेळू नये, यात मात्र थोडं तथ्य आहे बरं का. 1980 च्या डीएनडीच्या एका पुस्तकात जगभरच्या देवांना हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचा आकडा) दिले होते, त्यात आपले विष्णू, इंद्र, कालीसुद्धा, म्हणजे खेळाडू त्यांच्याशी लढू शकेल असे. मलाच ते खटकतं, तर आमच्या टेबलावरच्या माळकरी मित्राला का नाही खटकणार? तो आला तेव्हा पहिला रविवार आम्ही फासे हातात घेतलेच नाहीत, फक्त काय चालेल काय नाही ते विचारलं. तो म्हणाला, खऱ्या धर्मातले देव नकोत, आणि माझं कॅरेक्टर खेळातल्या कुठल्या देवाचा पुजारी होणार नाही. ठीक, क्लेरिक (देवाचा पुजारी) सोडून फायटर (लढवय्या) घेतला. आता चार महिने खेळतोय, आणि खेळातल्या गोब्लिन नावाच्या छोट्या राक्षसालाही "माऊली" म्हणून आधी समजावून बघतो, त्यामुळे खेळातल्या निम्म्या लढाया बोलण्यातच मिटतात, जे मला डीएम (गोष्ट रचून खेळ चालवणारा) म्हणून अजिबात परवडत नाही.

येत्या रविवारी एकादशी आहे, पिझ्झा नाही, साबुदाण्याची खिचडी आहे. मावशी, येऊन बघ.