टी-मूल्य आलं, पण कशामुळे? एका शिक्षिकेच्या प्रतिक्रियेला उत्तर

मॅडम,

तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली आणि दुपारी पुन्हा वाचली. पहिल्यांदा थोडा राग आला. दुसऱ्यांदा एक मुद्दा इतका पटला की खाली चार ओळींत उरकणं बरं वाटेना, म्हणून हे वेगळं लिहितो आहे.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: एकाच वर्गाची पूर्वचाचणी घ्यायची, नवी पद्धत वापरायची, उत्तरचाचणी घ्यायची आणि सरासरी वाढली की पद्धत परिणामकारक ठरवून मोकळं व्हायचं, याला प्रयोग म्हणू नये असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: तुम्ही 38 मुलांना सहा आठवडे कागदाच्या घड्या आणि पट्ट्या वापरून अपूर्णांक शिकवले. 25 गुणांच्या चाचणीत सरासरी 9 वरून 15 वर गेली. टी-मूल्य (दोन सरासरींमधला फरक नुसता योगायोग आहे का हे तपासायचा आकडा) 0.01 स्तरावर सार्थक आलं, म्हणजे काहीच बदल नसता तर एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. सगळ्यांत जास्त प्रगती मागे पडलेल्या दहा मुलांची झाली. 'आता हे सगळं खोटं म्हणायचं का? मुलं म्हणजे उंदीर नव्हेत. अर्ध्या मुलांना वंचित ठेवून नियंत्रित गट (नवी पद्धत न मिळणारा, तुलनेसाठीचा गट) करणं माझ्याने होणार नाही. फार तर शेजारच्या तुकडीशी तुलना करेन, 76 मुलं झाली की पुरे ना? आणि मुलांच्या चुकांची जी वही मी ठेवली आहे तिला तुमच्या लेखी किंमत शून्य. वर्गात उभं न राहणाऱ्यांनी आम्हाला अभिकल्प (प्रयोगाची आखणी) शिकवू नयेत.'

शेवटच्या वाक्याबद्दल एवढंच सांगतो की मी वर्गात चौदा वर्षं उभा होतो. खाली सांगणार आहे ती फजिती तिथलीच आहे.

खोटं काहीच नाही. मुलांना आधीपेक्षा जास्त येतं हे टी-मूल्याने सांगितलं आणि ते खरंच आहे. सहा आठवडे शिकवून वाढलं नसतं तरच नवल. माझा प्रश्न वेगळा होता. त्याच सहा आठवड्यांत तुम्ही नेहमीसारखं फळ्यावर शिकवलं असतं तर सरासरी कितीवर गेली असती? 12? 15? कदाचित 17? तुमच्या आकडेवारीत याचं उत्तर कुठेच नाही, आणि टी-मूल्य दुप्पट आलं असतं तरी ते मिळालं नसतं. तुम्ही त्याग केलात ती शून्य परिकल्पना 'काहीच बदल झाला नाही' अशी होती. ती मुळात कुणी धरूनच बसलेलं नव्हतं.

आता फजिती. माझ्या लघुशोधनिबंधाचा विषय होता शब्दसंग्रह वाढवण्यासाठी भाषिक खेळ. अभिकल्प अगदी तुमचाच. उत्तरचाचणीचे पेपर वाटत होतो तर पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, 'सर, मागचाच पेपर ना हा? त्यातला उंबरठा शब्द मी घरी विचारून ठेवलाय.' मी हसलो आणि पुढे गेलो. शेजारच्या तुकडीला मी पूर्वचाचणी दिली होती ती केवळ सूचना मुलांना कळतात का ते बघायला. शेवटी प्रती उरल्या, वाया कशाला घालवायच्या म्हणून त्यांना उत्तरचाचणीही दिली. माझी मुलं सरासरी 7 गुणांनी वाढली होती, ती 6 गुणांनी. त्यांनी खेळ एकही खेळलेला नव्हता. ते आकडे प्रबंधात गेले नाहीत. टी-मूल्य गेलं, ठळक अक्षरात. ग्रंथालयातलं लघुशोधनिबंधांचं कपाट उघडून बघा, त्यात एकही पद्धत नापास झालेली सापडायची नाही. त्यातला एक माझा आहे.

त्या 6 गुणांत काय काय होतं? तोच पेपर दुसऱ्यांदा सोडवण्याचा सराव होता, मधल्या काळात इतर तासांना कानावर पडलेली भाषा होती, मुलं दोन महिन्यांनी मोठी झाली होती. डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली यांनी 1963 मध्ये अशा घुसखोर कारणांची यादीच केली आणि त्यांना नावं दिली: इतिहास, परिपक्वता, चाचणीचा परिणाम, साधनातला बदल वगैरे. एकल गटाच्या पूर्व-उत्तर चाचणीला त्यांनी प्रायोगिक तर नाहीच, 'प्रयोगपूर्व' अभिकल्पांत बसवलं. आपल्याकडची संशोधन पद्धतीची पाठ्यपुस्तकं ही यादी जशीच्या तशी देतात. मुलं ती पाठ करतात आणि पुढच्या सत्रात एकल गट घेतात.

तुमच्या दहा मुलांचा मुद्दा जरा सावकाश बघू, कारण 'हा तरी पुरावा मानाल' असं तुम्ही मोठ्या विश्वासाने लिहिलं आहे आणि नेमकं तिथेच पाऊल घसरतं. पूर्वचाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली दहा मुलं तुम्ही निवडलीत. त्यांची सरासरी 4 होती असं धरू. त्यातली काही खरोखर कच्ची असतील, पण काहींचा तो दिवस वाईट होता. कुणाचं डोकं दुखत होतं, कुणी मागचं पान उलटायचंच विसरलं. तो वाईट दिवस पुन्हा तसाच येत नाही. दोन चाचण्यांतला सहसंबंध (दोन्हींचे गुण किती जुळतात याचं माप, पूर्ण जुळले तर 1) 0.6 असेल, गुणांचा पसारा तेवढाच राहिला आणि मध्ये कुणी काहीही शिकवलं नाही, तरी या दहांची अपेक्षित सरासरी अशी निघते: वर्गाची सरासरी 9, तीपासून ही मुलं 5 ने खाली, 5 गुणिले 0.6 म्हणजे 3, म्हणून 9 वजा 3, म्हणजे 6. खडू न उचलता 2 गुणांची 'प्रगती'. वरच्या मुलांचं उलट होतं, ती मधल्या बाजूला खाली सरकतात. वरची मुलं फारशी वाढली नाहीत असं तुम्हीच पुढे लिहिलं आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं, त्याला सरासरीकडे परतणं म्हणतात. उपचारात्मक अध्यापनाच्या प्रबंधांत मुलं निवडली जातात ती तळातूनच, त्यामुळे हे फुकटचे गुण तिथे दर वेळी मिळतात.

उंदीर आणि वंचित ठेवण्याबद्दल. ही हरकत मनापासूनची आहे, म्हणून तिला एक जुनी गोष्ट सांगतो. 1930 साली स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायर परगण्यात शाळेत दूध दिल्याने मुलं जास्त वाढतात का हे बघायला मोठा प्रयोग झाला. 67 शाळा, 20,000 मुलं, त्यांतल्या 10,000 मुलांना फेब्रुवारी ते जून रोज दूध. गट चिठ्ठीने किंवा आडनावांच्या क्रमाने पाडायचे होते. पण एखाद्या गटात धष्टपुष्ट किंवा हडकुळी मुलं फार झाली असं वाटलं तर शिक्षकांना अदलाबदल करायची मुभा होती. शिक्षकांनी काय केलं असेल? तुम्ही-मी केलं असतं तेच. गरीब, अशक्त मुलांकडे दूध वळलं. परिणामी दूध न मिळालेली मुलं सुरुवातीलाच उंचीने आणि वजनाने सरस निघाली आणि तुलनेचा पाया गेला. त्यात वजन कपड्यांसकट केलेलं, पहिल्यांदा थंडीत आणि दुसऱ्यांदा उन्हाळ्यात. ज्यांच्या अंगावर थंडीत जाड कपडे होते त्यांची वाढ कपड्यांबरोबर उतरली. ज्यांच्याकडे जाड कपडे नव्हतेच त्यांचं काय उतरणार? 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी 1931 मध्ये हे सगळं दाखवून दिलं आणि म्हटलं की 20,000 मुलांपेक्षा एकसारख्या जुळ्यांच्या 50 जोड्या घेतल्या असत्या तर निष्कर्ष अधिक भरवशाचा मिळाला असता. तुम्ही जी टी परीक्षिका वापरलीत ती याच गृहस्थांची.

शिक्षकांची दया चुकीची नव्हती. तिला वाट करून देणारा अभिकल्प चुकीचा होता, आणि कुणालाही न वगळणारा अभिकल्प करता येतो. बालसखी कार्यक्रमाचा अभ्यास मुंबई आणि वडोदऱ्यात झाला (अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन, 2007 मध्ये प्रसिद्ध). त्यात मागे पडलेल्या मुलांना शिकवायला प्रत्येक शाळेला एक बालसखी, म्हणजे स्थानिक तरुणी, मिळाली. काही शाळांत ती तिसरीला दिली, काहींत चौथीला, आणि कुठे कुठली ते यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, ठरलं. एका शाळेची तिसरी दुसऱ्या शाळेच्या तिसरीशी ताडून बघता आली. रिकाम्या हाताने कुठलीच शाळा गेली नाही. शिवाय मॅडम, 'वंचित' या शब्दात एक गृहीतक लपलं आहे. पट्ट्यांची पद्धत फळ्यापेक्षा चांगली आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असेल तर संशोधन कशाला करायचं? आणि ठाऊक नसेल तर वंचित नेमकं कोण?

शेजारची तुकडी घेतली तर पुरेल का? नाही पुरणार, आणि याचं कारण फार थोड्या मार्गदर्शकांच्या तोंडून ऐकलं आहे. एका वर्गातली मुलं सुटी नसतात. त्यांचा शिक्षक एक, गोंगाट एक, चुकलेले तास एक, म्हणून त्यांचे गुणही एकमेकांकडे झुकतात. हे साम्य 0 ते 1 या मापावर 0.2 धरलं तर हिशेब असा: 38 मधून 1 वजा, 37 गुणिले 0.2 म्हणजे 7.4, त्यात 1 मिळवला की 8.4. 76 ला 8.4 ने भागलं की उरतात 9. म्हणजे तुमच्या 76 मुलांकडून साधारण नऊ सुट्या मुलांएवढीच माहिती मिळते. आणि हेही उदारपणे, कारण एका बाजूला एकच वर्ग असला की पद्धत कुठे संपते आणि बाई कुठे सुरू होतात हे कुठल्याच सूत्राने वेगळं काढता येत नाही. तुम्ही उत्साहाने शिकवता हे तुमच्या प्रतिक्रियेवरूनच दिसतं. फरक त्याचाही असेल. अमेरिकेत टेनेसी राज्यात 1985 पासून चार वर्षं लहान वर्गांचा अभ्यास झाला तो 79 शाळांत आणि 11,000 हून जास्त मुलांवर. मुलं आणि शिक्षक दोघांनाही शाळेच्या आतच यादृच्छिक पद्धतीने वर्ग नेमून दिले होते. एवढा पसारा हौसेखातर मांडला नव्हता.

मग एकट्या शिक्षकाने करायचं काय? तुमच्याच वर्गात चिठ्ठ्या टाका. 19 मुलं दोन आठवडे जादा तासाला पट्ट्यांनी अपूर्णांक करतील, उरलेली 19 त्याच वेळी घड्यांनीच कोन करतील. मग दोन्ही विषयांची चाचणी सगळ्यांना द्या आणि त्यानंतर गट उलटे करा. दोन्ही गोष्टी सगळ्यांना मिळतात, शिक्षक एकच राहतो आणि तुलना चिठ्ठीने झालेली असते. गळती होणारच, मधल्या सुट्टीत घडीचा कागद या गटातून त्या गटात जाईल. तेवढं प्रामाणिकपणे लिहून टाका. पूर्व आणि उत्तरचाचणीचे प्रश्नही वेगळे पण तोडीस तोड हवेत.

आता पटलेला मुद्दा. मूळ लेखात मी 'निरीक्षण आणि मुलाखती पूरक म्हणून ठीक' असं लिहिलं होतं. ते वाक्य चुकीचं होतं, मागे घेतो. कारण तुमच्या वहीतली तुम्ही सहज जाता जाता लिहिलेली एक नोंद: 7/8 मोठा की 3/4, याचं उत्तर सुरुवातीला बरोबर देणारी काही मुलं शेवटी चुकू लागली. तुम्ही ती 'घाईतल्या चुका' म्हणून सोडून दिली आहे. सोडू नका. सुरुवातीला त्यांनी 7/8 मोठा म्हटलं ते बहुधा 7 हा 3 पेक्षा आणि 8 हा 4 पेक्षा मोठा म्हणून. उत्तर बरोबर, कारण चूक. मग तुम्ही घड्या घालून दाखवलंत की जितके भाग जास्त तितका एकेक भाग लहान. ते त्यांना कळलं, पण त्यांनी त्याचा नियम केला: खालचा आकडा मोठा तर अपूर्णांक लहान. म्हणून आता 3/4 मोठा. उत्तर चूक, आणि कारण मात्र आधीपेक्षा शहाणं. तुमच्या चाचणीने पहिल्या वेळी गुण दिला आणि दुसऱ्या वेळी कापला, म्हणजे मूल पुढे सरकलं तिथे गुण मागे गेला. हा चाचणीच्या सप्रमाणतेचा, म्हणजे जे मोजायचं तेच ती मोजते का याचा, प्रश्न आहे आणि तो कुठल्याही टी-मूल्याने दिसला नसता, तो तुमच्या वहीने दाखवला. मी वर म्हटलं ते 'बहुधा' आहे. खात्री करायला त्या मुलांना एकेकाला जवळ बसवून 'कसं ठरवलंस?' एवढंच विचारावं लागेल आणि ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावं लागेल.

त्यामुळे तुमच्या अभ्यासाचं शीर्षक बदला असं मी सुचवेन. 'परिणामकारकतेचा अभ्यास' हे त्याला पेलत नाही. घड्या-पट्ट्यांनी शिकताना मुलांच्या अपूर्णांकांच्या कल्पना कशा बदलतात, कुठे अडतात, हा प्रश्न तुमच्याकडच्या सामग्रीने सुटण्यासारखा आहे आणि त्याला नियंत्रित गट लागत नाही. हवं तर कृतिसंशोधन म्हणा. कुर्ट लेविन यांनी 1946 मध्ये हा शब्द रूढ केला तेव्हा कृती, तिचं निरीक्षण आणि त्यावरून पुढची कृती असं फिरतं चक्र त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आपण त्याचं पंधरा पानी फॉर्म भरणं करून टाकलं ते वेगळं.

पेपर अजून तुमच्याकडे असतील तर एक काम करा. पूर्व आणि उत्तरचाचणीचे सगळे 76 पेपर नावं आणि तारखा झाकून मिसळा आणि दुसऱ्या एखाद्या शिक्षकाकडून पुन्हा तपासून घ्या, कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा हे त्यांना न सांगता. तुमच्या आणि त्यांच्या गुणांत किती पेपरांत फरक पडला तेवढं इथे कळवा. आणि 7/8 च्या प्रश्नाला उत्तर बदललेली मुलं नेमकी किती, तेही.