समोर कोणी नसताना पडले!

लेखात म्हटलंय, पोलंडच्या सत्ताधारी कम्युनिस्टांनी १९८९ च्या निवडणुकीत सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, १०० पैकी ९९ जागा सॉलिडॅरिटी या विरोधी कामगार चळवळीला 'सोडल्या'. सोडल्या कसल्या, हातातून निसटल्या! खालच्या सभागृहात ६५ टक्के जागा त्यांनी स्वतःसाठी नि मित्रपक्षांसाठी आधीच राखून ठेवलेल्या. सिनेट मात्र खुलं ठेवलं. लहान प्रांतांनाही दोन-दोन जागा दिल्या, की खेडोपाडी आपलं निभावेल, हा हिशेब. तो साफ चुकला. शिवाय मतदानाची पद्धत बघा: शिक्काबिक्का नाही, नको त्याचं नाव पेनाने खोडायचं. लोक खोडतच सुटले. खालच्या सभागृहासाठी सत्ताधाऱ्यांच्या बड्या नेत्यांची ३५ जणांची राष्ट्रीय यादी, विरोधात एकही उमेदवार नाही, तरी त्यातले ३३ आपटले. सिनेटची उरलेली एक जागासुद्धा कम्युनिस्ट पक्षाला नाही मिळाली, एका अपक्ष उद्योजकाने नेली.